अंडी कापायची कात्री

आमच्या घरात अजगराचं अंडं कापायचा मान कित्येक वर्षं एकाच हाताला होता, आणि तो हात माझा. कात्री साधीच आहे. माझा मुलगा लॉनी तान्हा होता तेव्हा त्याची नखं कापायला आणलेली, बाकदार पात्याची. लॉनीची नखं आता कुदळीसारखी झालीत, पोट पट्ट्यावरून खाली ओघळलंय, पण कात्रीची धार तशीच आहे. ती माझ्या एप्रनच्या खिशात असायची. चर्चला जाताना पर्समध्ये.

ज्यांनी कधी हे जनावर पाळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बॉल पायथन म्हणजे काही माणूस गिळणारा अजगर नव्हे. दोन-तीन हात लांब, स्वभावानं भित्रा. दचकला की डोकं मधोमध घेऊन स्वतःभोवती असा गुंडाळतो की चेंडूच. त्याचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, भिजलेल्या चामड्यासारखं मऊ असतं. पिल्लं बाहेर यायच्या सुमाराला आम्ही अंड्याच्या वरच्या अंगाला छोटी खिडकी कापतो. कुणी विचारलं तर सांगतो, अशक्त पिल्लाला वाट मिळावी म्हणून. खरं कारण हे की आत कुठला रंग आलाय, कुठली नक्षी उतरलीय, ते बघितल्याशिवाय कुणाला धीर धरवत नाही.

अंडी कापायच्या दिवशी आमच्या पोक काउंटीतले, म्हणजे जिल्ह्यातले, निम्मे सापवाले माझ्या गॅरेजात असतात. तळलेला मासा, बटाट्याचं सॅलड, गोड चहा, सगळं येतं. मी खुर्चीवर बसायचे, अंडं कापायचे, बोटानं आतला चिकट पांढरा बलक सारायचे, वाकून बघायचे आणि बोलायचे. "ठेवायचं." "विकायचं." "दुकानात द्यायचं." आणि कधीकधी नावही ठेवायचे. मी ठेवलेलं नाव त्या पिल्लाला जन्मभर चिकटतं, मग ते कुणाच्याही घरी जावो.

माझी सून ट्विला. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा त्या कात्रीवर डोळा. पोरगी कामाला वाघ आहे, खोटं कशाला बोलू. सापांचे खण धुते, उंदीर टाकते, कोण कात टाकायला आलाय ते माझ्याआधी ओळखते. पण केस रंगवायच्या दुकानात नोकरी करते. मी तिला नेहमी म्हणायचे, "नजर बाटलीतून येत नाही, पोरी."

"येत असती तर मी तुम्हाला कधीच एक बाटली भेट दिली असती, मिस ओलेटा," ती म्हणायची. आमच्याकडे सासूलाही मिसच म्हणतात.

अशी आमची गोडी.

तर तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. डचेस ही माझी जुनी मादी, तिची अंडी कापायला घेतली होती. एकामागून एक पिल्लं झकास. पिवळं सोन्यासारखं, काळं शाईसारखं. लोक टाळ्या वाजवत होते. शेवटचं अंडं कापलं आणि आतून एक मळकट तोंड वर आलं. ना पिवळं, ना तपकिरी, ना राखाडी. कपाळावर एक गोल डाग, आणि त्या डागाला बाजूला दांडी. थेट तवा.

मी म्हटलं, "हे काय, खरकटं पाणी! आणि कपाळावरचा तवा घासायचाच राहिला."

गॅरेज हसून हसून पडलं. ओर्व्हल टिडवेल आमच्या सापवाल्यांच्या क्लबाचा चिटणीस, माझ्या वयाचा, माझ्याशी भांडल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. त्याच्या घशात मासा अडकला, तिघांनी पाठीवर थापा मारल्या.

फक्त ट्विला हसली नाही. ती अंड्याशी वाकून बघत होती. "ओला आहे तो अजून," ती म्हणाली. "ओल्या केसांचा रंग मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही. वाळल्याशिवाय कळत नाही."

"मग जा, शाम्पू लाव त्याला," मी म्हटलं.

पुन्हा हशा. ट्विलाचे कान लाल झाले. "हा मी ठेवू का?" तिनं विचारलं.

"ठेव. पण माझ्या खोलीत खरकट्याला खण नाही."

आता यात माझं काय चुकलं होतं? पन्नास वर्षांचा अनुभव असा की हा साप जन्मताना लखलखीत असतो आणि वयाबरोबर मळत जातो. मग जो जन्मतःच मळका, तो मोठा होऊन चिखल होणार, दुसरं काय? हे मी सगळ्यांना समजावूनही सांगितलं. ट्विलानं पिल्लू डब्यात घातलं आणि आपल्या बहिणीकडे, रेनेलकडे, लेक वेल्स गावाला नेऊन ठेवलं. मी ते विसरूनही गेले. दर रविवारी दुपारी ट्विला बहिणीकडे जायची. मला वाटायचं, माझ्या चहाड्या करायला जाते. तेही करत असणारच.

यंदा वसंतात एकदा जेवताना तिनं पुन्हा कात्रीचा विषय काढला. "जुलैत डचेसची अंडी मी कापू का?"

"डचेसची अंडी? त्यापेक्षा लॉनीचं अपेंडिक्स काप. तिथं चूक झाली तर चालेल."

"ममा!" लॉनी म्हणाला, पण घास सोडला नाही.

ट्विलानं काटा खाली ठेवला. "तुम्ही म्हणता मला नजर नाही. मे महिन्यात क्लबाचं प्रदर्शन आहे. परीक्षक तुम्हीच. मी माझा साप ठेवते. माझा स्वतःचा, मी निवडलेला, मी वाढवलेला. तुम्हाला कळायचं नाही कुठला. तुमच्या हातून त्याला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली, तर कात्री माझी."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर कात्रीचं नाव पुन्हा काढणार नाही."

मला हसू आलं. "पोरी, माझ्या घरातला साप मी भिंतीपलीकडून ओळखते."

"मग तुम्हाला कसली भीती?"

मी म्हटलं, "बरं." लॉनीनं ताटात मान घातली. त्याला दोन्हीकडून मार खायची सवय आहे.

आमच्या प्रदर्शनाची रीत अशी. साप झाकणबंद डब्यातून येतो, डब्यावर नुसता आकडा. मालकाचं नाव फक्त ओर्व्हलला ठाऊक. परीक्षकानं डबा उघडायचा, साप हातात घ्यायचा आणि जे काय वाटेल ते मोठ्यानं बोलायचं, कारण लोक ऐकायलाच आलेले असतात. टेबलाशी बोललेलं परत घेता येत नाही. साप गुंडाळी करून बसला तर ती ओढून सोडवायची नाही, त्याची त्यानं उलगडेपर्यंत थांबायचं. आणि फीत लावण्याआधी ओर्व्हल विचारतो, "ओळखीचा आहे का?" आमच्या काउंटीत सगळे एकमेकांच्या सापांना बारशापासून ओळखतात, म्हणून हा प्रश्न. हो म्हटलं की तो साप बाजूला, फीत त्याच्या खालोखालच्याला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी माझे सगळे खण उघडून पाहिले. सगळे साप जागेवर. म्हणजे बाईसाहेबांनी कुठून तरी विकत घेतला असणार. घेऊ दे. विकतच्या नजरेला किती दिसतं ते बघू, असं मनात म्हणत मी चांगला निळा झगा घातला आणि निघाले.

जत्रेच्या मैदानातली ती शेड एरवी बैलांची. कितीही धुतली तरी वास राहतोच. पंखे गरगरत होते, दाराशी उकडलेल्या शेंगांचं पातेलं वाफाळत होतं. ट्विला मागच्या भिंतीला टेकून शेंगांची पुडी घेऊन उभी होती, जसं काही तिचा इथल्या कशाशी संबंधच नाही.

पहिला डबा उघडला. पांढऱ्यावर तपकिरी ठिगळं असलेला. पांढरं स्वच्छ होतं, पण ठिगळं एका बाजूला सरकलेली. "शर्टाचं बटण चुकलंय याचं," मी म्हटलं. लोक हसले. दुसऱ्याच्या पाठीवरची रेघ मानेपासून छान निघाली होती आणि कमरेपाशी तुटली होती. "याचा मालक लॉनीसारखा आहे. सुरुवात जोरात."

"ममा!" मागून आवाज आला.

तिसरं होतं केळं. त्या जातीला नावच ते, पिवळ्याजर्द रंगावरून. लहानपणी नितळ असतं, वाढलं की काळे ठिपके पडतात. याला बऱ्यापैकी पडले होते. "केळं चांगलं होतं," मी म्हटलं, "आता फार पिकलं, कुस्करून याचा ब्रेडच करावा लागेल."

ओर्व्हलचा चेहरा उतरला तेव्हा कळलं की हे त्याच्या बायकोचं, नेडीनचं. पण बोललेलं बोललेलं. आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांपेक्षा ते बरंच होतं. रंग भरीव, अंग गोल, पाठीचा कणा सरळ.

असे पुढे गेलो. मग एक डबा उघडला आणि मी बोलायची थांबले.

आत चेंडू होता. घट्ट, डोकं आत. पण जे दिसत होतं ते असं, की मी चष्मा काढून पुसला. पाठीवर मधाचा रंग, नुसता पिवळा नाही, आतून दिवा लावल्यासारखा. त्यावरची गडद नक्षी काळी नव्हती, पिकलेल्या जांभळासारखी होती. आणि दोन रंग जिथं भेटतात तिथं कड अशी, की कुणी पातं फिरवून कापली असावी. कुठं शिंतोडा नाही, धूसरपणा नाही. कुशीवरचे गोल एकेक सुटे, एकमेकांत न मिसळलेले. मी हात खाली घालून अलगद उचललं. वजनदार, गच्च, उबदार.

मागच्या रांगेतल्यांनी माना उंचावल्या. 

"ओलेटा?" ओर्व्हल म्हणाला. "जीव आहे ना?"

"गप बस," मी म्हटलं. आणि मग मी ते बोलले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "या शेडमध्ये मी बायबलातल्या नऊशे वर्षांच्या मेथुसेलाएवढी वर्षं साप बघतेय. याच्या तोडीचा पाहिला नाही. याला घडवणाऱ्या माणसाला मी टोपी काढून सलाम करते, आणि मी टोपी घालत नाही, तर आणून घालीन आणि मग काढीन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओर्व्हलनं कागदावर लिहिलं. चेंडू माझ्या तळहातावर तसाच. मी थांबले. ऊब लागली की उलगडतोच. आधी जिभेचं टोक आलं, बाहेर, आत, बाहेर. मग नाक. मग डोकं हळूच माझ्या मनगटावर टेकलं.

कपाळावर तवा होता.

गोल, बाजूला दांडी. आता तांब्याच्या रंगाचा, चकाकणारा, पण तोच. माझ्या डोक्यात गॅरेजमधला सगळा हशा परत वाजला.

मी मान वर केली नाही, कारण मागच्या भिंतीपाशी कोण उभं आहे ते मला ठाऊक होतं. मी सापाला उलटं केलं. पोट बघितलं. स्वच्छ. शेपटीच्या टोकाला कात अडकलीय का? नाही. कण्यावरून बोट फिरवलं, कुठं गाठ? नाही. गोचीड? एक नाही. तोंडाशी फेस? कुठला फेस! साप माझ्याकडे असा शांत बघत होता, जसं काही मीच डब्यातून आलेय आणि तो माझी परीक्षा घेतोय.

"काय शोधतेयस?" ओर्व्हलनं विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"मला विचारायचंय. रीतीनं." त्यानं घसा खाकरला. त्या डब्याचा मालक त्याला ठाऊक होताच, आणि मेल्याला मजा येत होती हे त्याच्या मिशीवरून कळत होतं. "ओळखीचा आहे का?"

आता मी मागं पाहिलं. ट्विलानं शेंगांची पुडी पिळून तिची दोरी केली होती. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? फीत तिची, कात्री तिची, आणि खरकट्या पाण्याची आठवण कुणी काढली नसती. माझं नाकही शाबूत राहिलं असतं. फक्त मी खोटं बोलले असते, टेबलाशी उभी राहून, आणि तेही त्या तव्यासमोर.

"आहे," मी म्हटलं. "डचेसचा आहे. माझ्या घरचा. मी यालाच खरकटं पाणी म्हटलं होतं."

आधी कुणाला समजलं नाही. मग ओर्व्हलला समजलं आणि त्यानं अशी किंकाळी मारली की दारातलं कुत्रं भुंकायला लागलं. मग सगळी शेड. मी हसू ओसरेपर्यंत उभी राहिले. साप मनगटाला गुंडाळून बसला होता, तेवढाच काय तो आधार.

रीतीप्रमाणे तो बाजूला गेला. निळी फीत पुढच्याला. पुढचं कोण? नेडीन टिडवेलचं केळं. मी स्वतः जाऊन तिच्या डब्याला फीत लावली. नेडीन गोड हसून म्हणाली, "ब्रेडची पाककृती पाठव हं, ओलेटा." 

परत येताना लॉनी ट्रक चालवत होता, मी दाराशी, मधे ट्विला आणि तिच्या मांडीवर डबा.  शेवटी ट्विलाला राहवलं नाही.

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" तिचा आवाज फाटला होता. "कात्री राखायला ओळखीचा म्हणालात. मला माहीत होतं. तीन वर्षं दर रविवारी तिकडे जात होते मी. स्वतः उंदीर टाकले, स्वतः कात काढली. माझी आई आजारी असताना एवढ्या फेऱ्या मारल्या नाहीत मी."

"झालं बोलून?"

"नाही. तुम्ही दुष्ट आहात."

"आता झालं?"

"हो."

"लॉनी, गाडी बाजूला घे."

"ममा, हायवे आहे."

"मग हळू चालव." मी पर्स उघडली. रुमाल, पेपरमिंट, चर्चचं पाकीट, आणि तळाशी कात्री. ती काढून मी डब्याच्या झाकणावर ठेवली.

ट्विला बघत राहिली. "पैज मी हरले ना? फीत नाही मिळाली."

"फीत क्लबाची. कात्री माझी. मी कुणाला द्यावी ते ओर्व्हल टिडवेल ठरवणार आहे का?" मी खिडकीबाहेर बघत म्हटलं. संत्र्यांच्या बागा मागे पळत होत्या. "डोकं बाहेर यायच्या आधी मी काय बोलले ते ऐकलंस ना? की कानात शेंगा भरल्या होत्या?"

"ऐकलं."

"मग पुन्हा बोलायला लावू नकोस."

ती म्हणाली, "टोपी कधी घालणार?"

लॉनीनं असं खिदळायला सुरुवात केली की ट्रक रस्त्याच्या पट्ट्याबाहेर गेला. मी त्याला एक चापट मारली. मधे ट्विला होती, म्हणून ती तिलाच लागली. त्यावर ती हसली. डब्यातला साप काय करत होता कोण जाणे, झोपला असावा. त्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या खोलीतला मधल्या रांगेतला, नजरेसमोरचा खण रिकामा केला. कुणाला सांगितलं नाही. सकाळी त्यात ट्विलाचं खरकटं वेटोळं घालून बसलं होतं.

जुलै आला. गॅरेज भरलं. मासा, सॅलड, चहा. खुर्चीत ट्विला बसली, मी तिच्या मागे उभी, पाय दुखत होते तरी. तिनं पहिलं अंडं कापलं. खिडकी नीट पडली, माझ्यापेक्षाही नीट, हे मी इथंच लिहितेय, तिला सांगू नका. तिनं बोटानं पांढरा बलक सारला आणि वाकली.

"काय आहे?" लोक ओरडले. "ठेवायचं की विकायचं?"

ट्विला काही बोलेना. दुसरं कापलं, तिसरं कापलं. बोलेना. ओर्व्हल वैतागला. "अगं, आम्ही काय मुकी माणसं बघायला आलोय? ओलेटा खुर्चीत असती तर आतापर्यंत निम्म्यांचं बारसं झालं असतं."

तेव्हा ट्विला मागे वळली. "मिस ओलेटा, तुम्ही बघा ना."

मी चष्मा लावून वाकले. पहिली तीन ठीक होती. चौथ्यातून एक तोंड वर आलं, लॉनीच्या जुन्या मोज्याच्या रंगाचं. गळ्याशी एक फिकट पट्टा, तोही वाकडा. माझ्या जिभेवर नाव येऊन बसलं. असलं अचूक नाव मला गेल्या दहा वर्षांत सुचलं नव्हतं. सगळं गॅरेज कान टवकारून उभं. ओर्व्हलनं तर तोंडातला घासही थांबवला, मागच्या वेळेसारखं व्हायला नको म्हणून.

मी नाव गिळलं. 

"ओलं आहे अजून," मी म्हटलं. "वाळू दे."

"ओलेटा, तुला बरं नाही का?" ओर्व्हल म्हणाला.

"तू खा गपचूप," मी म्हटलं. ट्विलानं पाचवं अंडं हातात घेतलं होतं, तिचे खांदे हलत होते, हसत होती की रडत होती ते मागून कळलं नाही. मोज्याच्या रंगाचं ते पिल्लू आता माझ्या खोलीत पहिल्या रांगेत आहे. नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. तीन वर्षांनी शोभत असेल, तर सांगेन.